अमेरिकेत इमारत बांधताना स्पेशल इन्स्पेक्टरचा खर्च मालकाने का सोसावा? कंत्राटदाराच्या माणसाने तपासले तर चालत नाही का?

चालत नाही, आणि चालू नये. स्पेशल इन्स्पेक्टर म्हणजे इमारतीतली महत्त्वाची कामे नियमाप्रमाणे होतात की नाही हे तपासणारा स्वतंत्र माणूस. कौंटीचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, इन्स्पेक्टर येतोच, कंत्राटदारही स्वतःचे काम तपासतो, मग तिसऱ्याचे बिल मालकाच्या माथी कशाला, असे आपण विचारले आहे. इंटरनॅशनल बिल्डिंग कोड या बांधकाम नियमावलीच्या सतराव्या प्रकरणानुसार ही नेमणूक मालकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने करायची असते, कंत्राटदाराने नाही. मी व्हर्जिनियात स्पेशल इन्स्पेक्टरचेच काम करतो आणि त्याआधी कंत्राटदाराकडे नोकरीही केली आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

एका शाळेच्या वाढीव इमारतीत स्लॅबच्या खालच्या अंगाला पाइपांचे वजन पेलणारे इपॉक्सी अँकर, म्हणजे काँक्रीटमधल्या भोकात इपॉक्सी या चिकट रसायनाने पक्के केलेले बोल्ट, बसवायचे होते. वरच्या दिशेने बसणाऱ्या आणि कायम ताण सोसणाऱ्या अशा अँकरची तपासणी अखंड करावी लागते, म्हणजे काम चालू असेपर्यंत इन्स्पेक्टरने तिथून हलायचे नाही. मी पोहोचलो तेव्हा एक ओळ माझ्याशिवायच बसवून झाली होती. कंत्राटदाराचा साइटवरचा प्रमुख, सुपरिंटेंडेंट, म्हणाला, "ओढून बघा, एकही निघणार नाही." शिडीवर चढून मी पुढच्या ओळीतल्या रिकाम्या भोकात बोट फिरवले, तर ते काँक्रीटच्या भुकटीने पांढरे झाले. भोक हवेने फुंकायचे, तारेच्या ब्रशने घासायचे आणि पुन्हा फुंकायचे, हे इपॉक्सी बनवणाऱ्या कंपनीने छापूनच दिलेले असते. तसे केले नाही, तर इपॉक्सी काँक्रीटला न धरता भुकटीला धरते, आणि एकदा अँकर बसला की आत काय झाले ते कोणालाही दिसत नाही.

ओढून पाहण्याची चाचणी काही मिनिटांत संपते, वजन मात्र वर्षानुवर्षे लटकत राहते. बोस्टनमध्ये जुलै 2006 मध्ये बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे पॅनेल मोटारीवर कोसळून एक महिला मरण पावली, कारण ते टांगणाऱ्या अँकरना वापरलेले इपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत गेले होते. त्याच प्रकल्पात 1999 मध्ये काही अँकर खाली सरकलेले आढळले होते, पण सरकण्याचे खरे कारण न शोधताच काम पुढे गेले.

मी ती ओळ नामंजूर केली. नियमाप्रमाणे दोष आधी कंत्राटदाराला कळवायचा, आणि त्याने दुरुस्त केला नाही तर बांधकाम अधिकाऱ्याला आणि डिझाइनच्या अभियंत्याला. सुपरिंटेंडेंटने आमच्या कार्यालयाला फोन करून "दुसरा माणूस पाठवा" असे सांगितले. आमचे बिल शाळा भरत होती, म्हणून मी तिथेच राहिलो आणि अँकर माझ्यासमोर नव्या भोकांत बसले.

कंत्राटदाराकडचे माझे जुने साहेब तपासणी करणाऱ्या एजन्सीला लॅब म्हणतात. ते आजही भेटले की म्हणतात, "लॅबला आम्ही पैसे दिले तर ती वेळेवर येते आणि मालकाचेही वाचतात." माझ्या मते हे साफ चूक आहे. त्यांच्याच साइटवर स्लॅब ओतायच्या दिवशी सळ्यांवरचे कव्हर, म्हणजे त्यांना झाकणारा काँक्रीटचा थर, कमी आहे असे सांगणाऱ्याला पुढच्या कामाला कोणी बोलावले नाही, हे मी तिथे असताना पाहिले आहे. जो पैसे देतो त्याच्या घाईला इन्स्पेक्टर बांधला जातो, मग तो कितीही प्रामाणिक असो. वाचलेले म्हणून साहेब जे पैसे दाखवतात, ते अखेर कंत्राटाच्या रकमेतून मालकाकडूनच वसूल होतात.

हे सगळ्याच बांधकामांना लागू होत नाही. किरकोळ कामाला बांधकाम अधिकारी सूट देऊ शकतो, एक-दोन कुटुंबांच्या घरांना सहसा वेगळा कोड लागतो, आणि प्रत्येक राज्य आपापल्या दुरुस्त्या करते. कोणत्या तपासण्या लागतील याचे निवेदन आपल्या डिझाइनच्या अभियंत्याने तयार केलेले असते. ते मागून घ्या. एजन्सीशी करार स्वतः करा, ती रक्कम कंत्राटात घालू नका, आणि प्रत्येक अहवालाची प्रत थेट आपल्याकडे येईल असे त्या करारातच लिहून घ्या.