अलंग-मदन-कुलंगच्या आधी

गडभटकंतीच्या पहिल्याच वर्षी अलंग-मदन-कुलंग हे तीन अवघड किल्ले करायचे ही तुमची इच्छा मला मनापासून आवडली, ती सोडू नका. मात्र यंदाचा हिवाळा कळसूबाई, रतनगड आणि पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड यांना द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. कळसूबाईची उंची १६४६ मीटर असली, तरी अवघड जागी शिड्या असल्यामुळे तिथे कस लागतो तो दमाचा. मदनगडावर मात्र तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी उभा कातळ दोर लावूनच चढावा लागतो, आणि त्याहून कठीण असते ते उतरणे. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, भीतीने शरीर मागे डोंगराकडे झुकते, पाय सुटतो आणि माणूस घसरतो. वजन पायांवर ठेवून, गुडघे किंचित वाकवून, पाऊल पूर्ण टेकवत उतरण्याची सवय सोप्या वाटांवरच लागते. तरुणपणी मला फक्त माथा दिसत असे. आता वाट, पाण्याचे टाके आणि सोबतचा दमलेला माणूस आधी दिसतो, आणि या बदलाने माझी हौस तसूभरही कमी झालेली नाही. दोराचे काम जाणत्या माणसाच्या हाताखालीच शिका, आणि हार्नेस (दोराला जोडायचा कमरेचा पट्टा) व गाठी दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय कातळाला हात लावू नका.