ओ-थ्री लावलं आणि प्रोग्राम हळू झाला, यात करिअर होईल का?

तू लिहिलंयस की थर्ड इयरला आहेस, सी मध्ये छोटासा इंटरप्रिटर (दुसरा प्रोग्राम वाचून चालवणारा प्रोग्राम) लिहिलास, जीसीसी या कंपायलरला ओ-टू (कोड वेगवान करायची एक पातळी, ओ-थ्री त्याच्या वरची) दिलं तर फास्ट पळतो आणि ओ-थ्री दिलं तर उलट हळू, कॉलेजात विचारलं तर "हे सोड, एआय कर" म्हणाले, आणि बाबांना वाटतंय कंपायलरमध्ये नोकऱ्याच नसतात.

हळू होतो यात अजिबात नवल नाही रे. ओ-थ्री ला कंपायलर जास्त फंक्शन्स इनलाइन करतो, म्हणजे बोलावलं तिथेच त्यांचा कोड चिकटवतो, एकेका लूपच्या दोन-दोन आवृत्त्या काढतो, कोड फुगतो, आणि बऱ्याच इंटेल-एएमडी चिप्सवर एल-वन इन्स्ट्रक्शन कॅश (आयकॅश, कोड चिपच्या हाताशी ठेवायची जागा) असतो फक्त ३२ केबी. ओट्यावर मावत नाही ते फडताळातून काढायला सारखं उठावं लागतं तसं होतं मग, प्रत्येक मिसला, म्हणजे हवा तो कोड तिथे नसला की, एल-टू या मोठ्या पण हळू कॅशकडे जायचं, तोवर पुढचं सगळं हात चोळत बसतं.

पण तुझ्याच केसमध्ये कॅशच दोषी आहे असं मी लगेच मानणार नाही. छोट्या इंटरप्रिटरचा सतत पळणारा भाग बहुतेक ३२ केबीत आरामात बसतो, आयकॅशचा खरा त्रास डेटाबेस, ब्राउजर असल्या अवाढव्य कोडला. तुझ्याकडे ब्रँच प्रेडिक्शन (कोड पुढे कुठे वळणार याचा चिपचा अंदाज) चुकत असेल, रजिस्टर (चिपमधल्या अगदी हाताशी असलेल्या मोजक्या जागा) कमी पडत असतील, काहीही असेल. पर्फ स्टॅट (लिनक्सवरचं मोजमापाचं टूल) लावून दोन्ही बिल्डचे आयकॅश मिसेस आणि ब्रँच मिसेस बघ (व्हर्च्युअल मशीनवर हे काउंटर बऱ्याचदा मिळत नाहीत, सरळ मशीनवरच लिनक्स टाक). मग पीजीओ करून बघ, म्हणजे आधी प्रोग्राम चालवून प्रोफाइल घ्यायचा आणि कंपायलरला सांगायचं की हा भाग गरम, हा थंड, तो थंड कोड बाजूला काढतो. फेसबुकवाल्यांनी याच कामासाठी बोल्ट काढलं, ते तयार बायनरीतला कोड पुन्हा मांडतं, आता एलएलव्हीएम या ओपन सोर्स कंपायलर प्रकल्पाचाच भाग आहे, फुकट आहे, वाच.

आता नोकरीचं. बाबा अर्धे बरोबर आहेत, जागा कमीच, कॅम्पसला तर सहसा कोणी येत नाही, आणि बरंचसं काम बंगळुरू-हैदराबादला, एएमडी, क्वालकॉम, इंटेल असल्यांकडे. पण अर्ज करणारेही मोजकेच असतात ना. आणि "एआय कर" म्हणणाऱ्यांना सांग की एआयच्या चिप्सवर मॉडेल पळवायलाही कंपायलरच लागतो, एमएलआयआर (असे कंपायलर बांधायची चौकट) हे नाव शोधून बघ. गेटची तयारी करणार असशील तर आयआयटी मुंबईत या विषयावर चांगलं काम झालंय, एमटेकचा विचार जरूर कर, नुसत्या बीईवर या फील्डमध्ये शिरणं मला तरी अवघड वाटतं, एलएलव्हीएममध्ये दोन-चार पॅच मर्ज झालेले असतील तर गोष्ट वेगळी.

तोवर रेझ्युमेवर "सी, सी प्लस प्लस येतं" एवढंच नको लिहूस, ओ-टू विरुद्ध ओ-थ्री चे तुझे आकडे आणि कारण काय निघालं ते लिही, इंटरव्ह्यूत पहिला अर्धा तास त्यावरच जाईल.