आधी गिरणी बघा, ताई

ताई, तुमच्या लेकराला सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होणारा आजार) असेल का, असं विचारलंत; माझ्या लेकीला तोच आहे. तपासण्या पूर्ण झाल्यात ना? नसतील तर गहू आत्ताच बंद करू नका, रक्ताचा रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. निदान पक्कं झालं की मात्र कणभरही नको.

आपल्याकडे खानदेशात दादर ज्वारीची नि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी घरोघरी, म्हणून मी निर्धास्त होते. तरी लेकीचं पोट फुगायचंच! गिरणीत आमच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा. शेवटी घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच टाकत नाही. डबीतला हिंगही तपासा, बहुतेकदा त्यात गव्हाचं पीठ असतं. वरण-बट्टीच्या पंगतीला तिचा डबा सोबतच.

सगळ्यात अवघड म्हणजे ‘एका घासानं काय होतं?’ म्हणणारी आजी. सासूबाईंना मी डॉक्टरांसमोरच नेऊन बसवलं. आता त्याच तिचं ताट वेगळं ठेवतात.