वाचकांचे प्रश्न : डॉन्कास्टरचा विमानतळ, आणि आपला ओझर

मुलीला शेफिल्डच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. तिकडे डॉन्कास्टर शेफिल्ड विमानतळ आहे, तिथलेच तिकीट काढा, असे नातेवाईक सांगतात. पण तिकिटाच्या साइटवर तो येतच नाही. काय करावे? – एक पालक, सिडको, नाशिक

नातेवाइकांची माहिती जुनी आहे. त्या विमानतळावरची प्रवासी वाहतूक नोव्हेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात थांबली. चालू होता तेव्हाही तिथून मुख्यतः युरोपातलीच उड्डाणे होत. भारतातून थेट सोय नव्हती.

मुंबईहून मँचेस्टरचे तिकीट बघा. एका थांब्याचे चालेल, पण सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा, म्हणजे बॅगा थेट मँचेस्टरलाच मिळतात. विमानतळावर रेल्वे स्टेशन आहे. तिथून मँचेस्टर पिकॅडिली स्टेशन आणि पुढे शेफिल्ड. हीथ्रोला उतरणार असेल, तर भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनने किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला जावे. सेंट पँक्रसहून शेफिल्डला थेट गाडी असते, दोन तासांच्या आसपास लागतात. एक पिकॅडिली मँचेस्टरचे स्टेशन, दुसरी लंडनची लाइन. मुलीला हे आधीच नीट सांगून ठेवा.

रेल्वेचे स्वस्त ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट आधीच काढू नका. ते ठरलेल्या गाडीलाच चालते. विमानाला उशीर झाला आणि गाडी चुकली, की पैसे वाया.

डॉन्कास्टरची धावपट्टी जवळजवळ आपल्या ओझरएवढी होती, असे वाचले. एवढी धावपट्टी असून विमानतळ बंद का पडला? उद्या ओझरचे तसेच झाले तर? – एक वाचक, ओझर मिग

डॉन्कास्टरच्या धावपट्टीची लांबी २,८९३ मीटर आणि रुंदी ६० मीटर. ओझरची ३,००० मीटर लांब, ४५ मीटर रुंद. तिकडची रुंदी लष्कराची देणगी. १९३६ मध्ये तिथे ब्रिटिश हवाईदलाचा फिनिंग्ली तळ सुरू झाला आणि पुढे व्हल्कन बॉम्बर तिथे आले. हवाईदलाने १९९६ मध्ये तळ सोडला. मग पील या खासगी कंपनीने तिथे प्रवासी विमानतळ उभारला. २८ एप्रिल २००५ ला तो ‘रॉबिन हूड’ या नावाने सुरू झाला; डॉन्कास्टर शेफिल्ड हे नाव २०१६ चे.

धावपट्टीत काही खोट नव्हती. अडचण रोजच्या खर्चाची होती. अग्निशमन दलाचेच बघा. विमानतळाची अग्निशमन श्रेणी ठरते ती तिथे येणाऱ्या सर्वांत मोठ्या विमानाच्या लांबी-रुंदीवरून. एटीआर ७२ या छोट्या प्रवासी विमानाची लांबी २७ मीटर, म्हणून श्रेणी ५ : एक बंब, आणि नेहमीच्या ‘बी’ दर्जाच्या फोमसाठी ५,४०० लिटर पाणी. एअरबस ए३२० साडेसदतीस मीटरची. तिला श्रेणी ६ लागते : दोन बंब, ७,९०० लिटर. बोइंग ७३७-८०० साडेएकोणचाळीस मीटरची, म्हणजे श्रेणी ६ ची ३९ मीटरची मर्यादा अर्ध्या मीटरने ओलांडली, की श्रेणी ७ आणि पाणी १२,१०० लिटर. शिवाय सूचना मिळाल्यापासून तीन मिनिटांच्या आत पहिला बंब धावपट्टीच्या टोकाशी पोचून फोम मारू लागला पाहिजे. वर्दळ कमी असेल तर एक श्रेणी खालची सवलत मिळते, त्याहून नाही.

आता हिशेब मांडा. दिवसाला विमान एक येवो की वीस, त्या वेळी बंबावर माणसे बसलेली हवीत, टॉवरमध्ये नियंत्रक हवा, सुरक्षा तपासणीची रांग चालू हवी. खर्च विमानतळ उघडा ठेवण्याचा असतो. उत्पन्न मात्र माणशी येते : प्रवासी शुल्क, पार्किंग, दुकाने.

डॉन्कास्टरला २०१९ मध्ये सुमारे १४ लाख प्रवासी होते. मार्च २०२० मध्ये फ्लायबी ही कंपनी बुडाली, पाठोपाठ कोविड आला. २०२२ मध्ये विझ एअरने तिथला तळ गुंडाळला आणि मोठी म्हणावी अशी टुई ही एकच कंपनी उरली. जुलैत मालकांनी फेरविचार जाहीर केला, सप्टेंबरमध्ये बंद करण्याचा निर्णय. मँचेस्टर, लीड्स ब्रॅडफर्ड, ईस्ट मिडलंड्स हे तिन्ही विमानतळ गाडीने जाण्याच्या टप्प्यात, आणि खुद्द इथे रेल्वे स्टेशन नाही. आमच्या मते हा रेल्वेचा अभाव फार महागात पडला.

ओझरचा पाया वेगळा आहे. तो विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी विमान कारखान्याचा. १९६४ पासून तिथे मिग आणि पुढे सुखोई-३० चे काम चालत आले आहे. धावपट्टी कारखान्यालाच लागते, त्यामुळे प्रवासी उड्डाणे थांबली तरी तिची देखभाल थांबत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्येच ओझरही दोन आठवडे बंद होता, पण तो धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी. प्रवासी सेवेचे भवितव्य मात्र इथेही विमाने किती भरतात यावरच आहे.

बंद धावपट्टीवर मोठी पांढरी फुली का मारतात? – नववीतला विद्यार्थी, गंगापूर रोड

वरून रिकामी धावपट्टी चालू धावपट्टीसारखीच दिसते. चुकून कुणी उतरू नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानुसार बंद धावपट्टीच्या दोन्ही टोकांना फुली मारतात, आणि मधे दर ३०० मीटरच्या आत आणखी. धावपट्टीवर पांढरी, टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे ये-जा करण्याच्या वाटेवर, पिवळी. कायमची बंद असेल तर जुने आकडे-पट्टेही खोडतात. वैमानिकांना ‘नोटॅम’ या सूचनेतून आधीच कळवलेले असते. फुली हा शेवटचा इशारा.

असा विमानतळ पुन्हा सुरू होऊ शकतो का? – एक वाचक, पिंपळगाव बसवंत

होऊ शकतो, पण कुलूप काढले आणि झाले, असे नाही. डॉन्कास्टरच्या महापालिकेने २०२४ मध्ये तो १२५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला, तो त्यासाठीच.

पडून राहिलेल्या धावपट्टीच्या सांध्यांतून गवत येते. मुळे डांबराची कड उचलतात, खडी सुटते, आणि सुटा खडा जेट इंजिनाने आत ओढला की पंख्याची पाती खराब होतात. म्हणून आधी झाडलोट, सांधे भरणे आणि घर्षणाची चाचणी. मग दिवे. धावपट्टीच्या कडेला ओळीत चार दिवे असतात : दोन पांढरे आणि दोन लाल दिसले, म्हणजे विमान बरोबर उतारावर आहे, चारही लाल, म्हणजे फार खाली. हा उतार साधारण तीन अंशांचा, आणि तो नीट लागला आहे का, हे तपासणीचे विमान उडवूनच बघावे लागते. रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीकडे आणणाऱ्या आयएलएस यंत्रणेचेही तसेच.

त्याहून वेळ खातात कागद आणि माणसे. विमानतळाचे प्रमाणपत्र नव्याने, भोवतीच्या नियंत्रित हवाईक्षेत्राची मंजुरी नव्याने. नियंत्रक विमानतळ बंद झाल्यावर दुसरीकडे गेलेले असतात, आणि नवा माणूस आणला तरी त्याला त्या विशिष्ट टॉवरसाठी प्रशिक्षण देऊन परवान्यावर नोंद करून घ्यावी लागते.

जाता जाता, व्हल्कनचे शौकीन असाल तर : एक्सएच५५८ हे उडणाऱ्या व्हल्कनांपैकी शेवटचे विमान. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याचे अखेरचे उड्डाण याच धावपट्टीवर उतरले.