ओळख नाही, मग पर्यावरणशास्त्राच्या मुलीला काम कोण देणार?

“मॅडम, शिकलीय खरी, पण आमची कुठं ओळख नाही.” पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलं समोर आली की हे वाक्य ठरलेलं. आईवडील सोबत असले तर मुलांच्या आधी तेच म्हणतात. या चिंतेत दोन गोष्टींची सरमिसळ असते. एक, या विषयाला नोकऱ्याच नाहीत. दोन, असल्याच तर त्या वशिल्यावाल्यांच्या. मागे माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका मुलीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी सुट्या करून बघता आल्या, म्हणून तिचा अनुभव तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते.

मुलगी वाळवा तालुक्यातली. वडिलांचा ऊस, धाकटा भाऊ डिप्लोमाला. निकाल लागून महिना झाला होता. बी.एड.चा अर्ज भरायचा की नाही हे ठरवायला ते कोल्हापूरला आले होते. वडिलांनी दुसरीकडेही सोय लावली होती. “आमदारांच्या पीएकडं शब्द टाकलाय,” ते म्हणाले, “पण ते म्हणत्यात, पोरगीला नक्की कुठं चिकटवायची ते तर सांगा.” पीएचा प्रश्न रास्त होता. मीही तिला तोच विचारला. ती म्हणाली, “पर्यावरणाचं काम.”

मग तिने मोबाईल पुढे केला. कंपन्यांचे एचआर, प्राध्यापक, कधी न भेटलेले अधिकारी, सगळ्यांना एकच मजकूर: ‘आदरणीय सर, मी फ्रेशर आहे, बायोडेटा जोडला आहे, कृपया संधी द्यावी.’ उत्तर कुणाचंच नाही. त्यातून तिने काढलेला निष्कर्ष असा, की आपल्याला ओळख नाही म्हणून कुणी दखल घेत नाही. मला मात्र असं वाटतं, की हा मजकूर आमदारांच्या मुलीने पाठवला असता तरी वाचणाऱ्याला त्यावर काय उत्तर द्यावं ते कळलं नसतं.

नोकऱ्यांच्या साइटवर ती ‘एन्व्हायर्नमेंटल सायंटिस्ट’ हे शोधत होती. त्या नावाच्या जाहिराती आपल्याकडे फार कमी. पर्यावरणाची बहुतेक कामं कायद्याने निर्माण केली आहेत आणि त्यांची नावं साधी, कधी दिशाभूल करणारी असतात. १९७४चा पाण्याचा कायदा आणि १९८१चा हवेचा कायदा यांमुळे प्रदूषण करू शकणाऱ्या उद्योगांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते, ती टिकवावी लागते, नमुने तपासून घ्यावे लागतात. मग कारखान्यात ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया संयंत्र) सांभाळणारा केमिस्ट लागतो, ईएचएस म्हणजे पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षितता बघणारा एक्झिक्युटिव्ह लागतो, प्रयोगशाळेत नमुने गोळा करणारा लागतो. २००६च्या अधिसूचनेमुळे मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे ईआयए करून घ्यावा लागतो. तो नॅबेट या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या सल्लागार संस्था करतात, आणि त्यांना हवा, पाणी, जैवविविधता, समाज-अर्थ अशा प्रत्येक अंगाची वेगळी माणसं दाखवावी लागतात. अलीकडे त्यात शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची भर पडली: २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना बीआरएसआर हा जबाबदार व्यवसाय आणि शाश्वततेचा अहवाल बंधनकारक झाला. पाणी, वीज, कचरा, उत्सर्जन यांचे आकडे कुणीतरी गोळा करायला नकोत का?

हे ऐकून ती वहीत यादी करायला लागली. वही बंद कर, म्हटलं. यादीने भीती जात नाही. तिला एकच काम दिलं: परिवेश या सरकारी पोर्टलवर ईआयए अहवाल कुणालाही बघता येतात, आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा अहवाल काढ आणि शेवटच्या पानापर्यंत वाच.

पुढच्या वेळी ती आली ती वेगळ्याच सुरात बोलत. प्रकल्पाभोवतालच्या १० किलोमीटरच्या परिसरात तिच्या मामाचं गाव होतं, आणि त्या गावातल्या विहिरीच्या पाण्याचा तक्ता तिने वाचला होता. अहवाल करणाऱ्या तज्ज्ञांची यादी तिला सापडली होती, नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं नावही. आता प्रश्न होता, या यादीतल्या कुणापर्यंत पोचायचं कसं. मी विचारलं, “तुमच्या विभागात सगळ्यांचे नंबर कुणाकडे असतात?” ती हसली. “लॅबमधल्या मामांकडे.” मामा म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस.

विद्यापीठातले लोक माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरवतात, त्यात फोटो काढतात. पण कोण कुठे लागलं, कुणी नोकरी सोडली, कोण लग्न होऊन ठाण्याला गेली, हे लॅबच्या मामांना पाठ असतं, आणि विद्यार्थी कामासाठी त्यांच्याकडे क्वचितच जातात. मामांनी यादी बघून लगेच सांगितलं: यातली एक आपलीच, तीन बॅच आधीची.

संदेश आम्ही दोघींनी बसून लिहिला. साधारण असा: ‘ताई, मी आपल्याच विभागाची, यंदा पास झाले. तुमचं नाव डिस्टिलरीच्या अहवालात वाचलं, नंबर लॅबमधल्या मामांनी दिला. हवा मोजायच्या केंद्रांपैकी एक वाऱ्याच्या वरच्या बाजूला, बाकीची खालच्या बाजूला दिसली. पण वारा दिवसातून दिशा बदलतो, तेव्हा जागा कशावरून पक्की करता? सर्वेक्षण चालू असेल तेव्हा एक दिवस सोबत येऊन बघता येईल का?’ नोकरीचा शब्द नाही, बायोडेटा नाही. उत्तर द्यायला सोपा प्रश्न आणि नाही म्हणायला सोपी विनंती. रात्री ताईचा लांबलचक व्हॉइस मेसेज आला.

पण लगेच बोलावणं आलं नाही, आणि ही गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही म्हणून इथे थांबते. ईआयएसाठी सद्यस्थितीची मोजणी पावसाळा सोडून एका ऋतूची, तीन महिने करायची असते. साहजिकच पाऊस ओसरताना संस्था फील्डच्या टीम बांधायला लागतात. सप्टेंबरमध्ये कचेरीतही धावपळ असते, कारण उद्योगांचं वार्षिक पर्यावरण विवरणपत्र ३० तारखेपर्यंत मंडळाला द्यायचं असतं. मुलांचे निकाल लागतात जून-जुलैच्या आसपास, अर्जांचा पाऊस तेव्हा पडतो, आणि फील्ड नेमकं बंद असतं. तेव्हा आलेलं मौन हा नकार समजून अनेक जण ऑगस्टमध्ये वाट बदलतात. तिला मी म्हटलं, गणपती होऊ देत, मग ताईला परत विचार. तोवर प्रयोगशाळेत सीओडी-बीओडी या सांडपाण्याच्या तपासण्यांवर हात बसव. वडिलांना बी.एड.चं मी एवढंच सांगितलं, की पुढच्या वर्षीही अर्ज निघतील.

ऑक्टोबरमध्ये तिला ‘एक दिवस’ बोलावलं आणि माणूस कमी पडला म्हणून तिथेच ठेवून घेतलं. काम होतं ग्रामपंचायतीच्या गच्चीवर हवा नमुना यंत्र लावून चोवीस तास सांभाळायचं. फिल्टर पेपर आधी वजन केलेला, तो हाताने नाही, चिमट्याने बसवायचा. ठरल्या वेळी रीडिंग. वीज गेली की वेळ लिहायची. खाली गावकरी जमलेले: “कारखान्यानं कॅमेरा लावलाय काय?” ती त्यांच्याच बोलीत बोलली, यंत्र उघडून दाखवलं. संध्याकाळी सरपंचांच्या घरून चहा आला आणि वीज गेल्यावर शेजाऱ्याने आपणहून इन्व्हर्टरची वायर टाकून दिली. टीममधल्या पुण्याच्या मुलाला आधीच्या गावात गच्चीही मिळाली नव्हती, असं ताई मला नंतर म्हणाली. जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश मराठीतही लागतो. यंत्राने केलेलं धेडगुजरी भाषांतर तिने एका रात्रीत दुरुस्त करून दिलं. खेड्यातून आलो, इंग्रजी अडखळतं, याची तिला लाज वाटायची. तिचं काम पक्कं झालं ते यामुळेच.

पगार ऐकून वडील गप्प झाले. “एवढ्यात खोलीभाडं तर भागंल का?” सुरुवातीचा पगार या क्षेत्रात बेताचाच असतो, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. रात्री मुक्काम कुठे, सोबत कोण, गाडी कुणाची, हे प्रश्न त्यांनी ताईला फोनवर विचारावेत असं सुचवलं. त्यांनी विचारले, ताईने न चिडता उत्तरं दिली.

सगळ्यांना ही वाट मानवते असं नाही. धुळीची अ‍ॅलर्जी असलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला मी नेट-सेटकडे आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेसारख्या संस्थांतल्या प्रोजेक्टवरच्या जागांकडे वळवलं. मंडळाच्या किंवा महापालिकांच्या भरतीत मात्र जाहिरातीतली पात्रता नीट वाचावी, काही पदं अभियांत्रिकीवाल्यांसाठीच असतात.

आता या मुलीच्या गोष्टीतला माझ्या दृष्टीने खरा भाग. वर्षभराने थोड्या जास्त पगारावर ती दुसऱ्या एका संस्थेत गेली. एका रात्री तिचा फोन आला, आवाज रडवेला. साहेबांनी सांगितलं होतं: त्या केंद्रावर जायची गरज नाही, कालचे आकडे थोडे मागेपुढे करून शीट भर. सही तिची. “नाही म्हटलं तर काढून टाकतील, आणि भरलं तर...” वाक्य तिने पूर्ण केलं नाही.

हे या धंद्यात सगळीकडे चालतं असं मी म्हणणार नाही, पण चालतच नाही असंही नाही. तिला म्हटलं, जे मोजलं नाही ते लिहू नको. ‘केंद्रावर गेले नाही, रीडिंग नाही’ असं शीटवर लिही आणि साहेबांना तसा मेल कर. भांडू नको, तावातावाने राजीनामाही देऊ नको. उद्या सकाळी ताईला फोन कर.

इथे ओळख कामी आली. ताईबरोबर फील्डवर ओळखीचे झालेले दोघे-तिघे, प्रयोगशाळेतला केमिस्ट, एका कारखान्याचे पर्यावरण अधिकारी, यांना ती मधूनमधून काही ना काही विचारत आली होती: फिल्टरचं वजन घटलं तर काय समजायचं, अमुक नियमात बदल झाला तो वाचला का. त्यामुळे ‘मला जागा बदलायचीय’ हे सांगताना तिला संकोच वाटला नाही, आणि कारण न विचारताही त्यांना ते कळलं. माझ्या अनुभवात पहिली नोकरी बऱ्याचदा नेटाने शोधूनही मिळते. चुकीच्या ठिकाणाहून अब्रूने बाहेर पडायला मात्र तुमचं काम पाहिलेली माणसं लागतात. तिथे आमदारांची चिठ्ठी चालत नाही. उलट चिठ्ठीने लागलेल्याला सोडणंच अवघड जातं, कारण शब्द दुसऱ्याचा असतो.

सध्या ती कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहे. घातक कचऱ्याची नोंदवही, मंडळाचा पत्रव्यवहार, ३० जूनपर्यंत द्यायचं फॉर्म ४ हे त्या कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र, हे तिच्याकडे असतं. मुक्कामाची भानगड नाही, पगार वेळेवर होतो, वडील खूश आहेत. तिला मात्र टेबलाचा कंटाळा आलाय. मान्यताप्राप्त तज्ज्ञ व्हायचं म्हणून परत ईआयएकडे जायचं ती म्हणते. वडिलांना ते पटलेलं नाही. पुढच्या आठवड्यात दोघंही येणार आहेत.