इच्छा गेली म्हणतेस, तर आधी गोळीचं पाकीट बघ

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोललो असतो, पण घरात सगळे असताना तू नुसती 'हो', 'बरं' करत राहशील, म्हणून लिहूनच पाठवते. सावकाश वाच. नवऱ्यालाही दाखव, त्याच्या कामाचंही यात आहे.

"गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यापासून नवऱ्याच्या जवळ जावंसंच वाटत नाही, हे माझ्या मनाचं आहे का?" असं तू विचारलंस. सगळं मनाचं नसतं. डॉक्टरबाईंपुढे हे तोंडातून निघेना म्हणतेस, ती लाज मात्र सोड. मळमळतं, डोकं दुखतं, हे आपण दवाखान्यात बिनदिक्कत सांगतो. इच्छा कमी झाली, ही तक्रारही त्याच रांगेतली, आणि गोळी बदलून मागायला तेवढं कारण पुरतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, बाईलाही शरीरसुख हवं असतं हे मराठीत छापून सांगितलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. शंभर वर्षं उलटली तरी आपण पडदा ओढूनच बोलतोय, याचा मला खरंच राग येतो.

असो. तू पाकिटाचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. ही ड्रॉस्पायरेनोन नावाच्या हार्मोनची गोळी आहे, पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी लांबवणारा विकार) आणि पुटकुळ्यांसाठी सर्रास लिहून देतात ती. ती काम कशी करते ते समजून घे. बायकांच्या अंगातही थोडं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी समजलं जाणारं हार्मोन, असतं. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त बनवतं, आणि ते प्रथिन रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवतं. शिवाय ड्रॉस्पायरेनोन स्वतःच त्या टेस्टोस्टेरॉनच्या आड येतं. म्हणून चेहरा स्वच्छ होतो, हनुवटीवरचे केस कमी होतात. काहीजणींची इच्छाही त्याच वाटेने मंदावते. सगळ्यांची नव्हे. बहुतेकींना काही फरक पडत नाही, आणि काहीजणींना तर दिवस जाण्याची धास्ती संपल्यामुळे उलट मोकळं वाटतं. त्यामुळे मैत्रिणीचा अनुभव तुला लागू होईलच असं नाही, आणि तुझा तिला.

गोळीवर शिक्का मारण्याआधी तारखा मांड. गोळी कधी सुरू केली, फरक कधी जाणवला, त्याच सुमारास आणखी काय बदललं? नैराश्याच्या काही गोळ्या, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे, इच्छेवर बऱ्याचदा परिणाम करतात. थायरॉइड कमी पडलं तरी होतं, अंगात रक्त कमी असलं तरी होतं. रात्रपाळी आणि दोन तासांचा प्रवास विसरू नकोस. कोरडेपणामुळे दुखत असेल तर तेही डॉक्टरांना वेगळं सांग, कारण दुखण्याच्या भीतीने मन आपोआप मागे सरतं.

आता पर्याय. तुझ्या जागी मी असते तर तांबी बसवली असती. कॉपर-टी ३८० ए मध्ये हार्मोन नसतंच. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, अंडाशय आपलं काम करत राहतं. ती दहा वर्षं चालते, सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, आणि वर्षभरात शंभरातल्या एखादीलाच दिवस राहतात. मूल न झालेल्या बाईला तांबी चालत नाही, हे तुझ्या आत्याचं म्हणणं खरं नाही. काढली की लगेच दिवस राहू शकतात. खोट एकच: पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, कळा येतात. म्हणून आधी हिमोग्लोबिन बघून घे. मुळातच खूप अंगावरून जात असेल तर तांबीसारखंच आत बसवायचं, हार्मोन सोडणारं लूप असतं. त्याने पाळी हलकी होते आणि रक्तात हार्मोन फार थोडं उतरतं, पण ते महाग पडतं.

आशाताईंनी तुला 'छाया' सुचवली. चांगली गोळी आहे, लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. पण पीसीओडी असेल तर ती देत नाहीत, तेव्हा तो विषय संपला. दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन तुझ्यासाठी मला नको वाटतं. त्यात हार्मोनच आहे, आणि त्रास झाला तर टोचलेलं परत काढता येत नाही. बंद केल्यावरही दिवस राहायला सात-दहा महिने लागू शकतात.

आता जावईबापूंसाठी. निरोध वापरायचा तर दरवेळी वापरायचा, 'आज राहू दे' चालत नाही. कोरडं वाटलं म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फाटतं. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित जेल मिळतं, ते घ्या. आणि पुढे मुलंबाळं झाल्यावर नसबंदीची वेळ आली तर तू ऑपरेशन टेबलावर जायच्या आधी त्याने विचार करावा. बिनटाक्याच्या नसबंदीत फक्त नळी बंद करतात, पुरुषाचं हार्मोन होतं तसंच राहतं, ताकद जात नाही.

एक गोष्ट मात्र करू नकोस: चिडून पाकीट मध्येच फेकून देऊ नकोस. गोळी थांबली की कधीही दिवस राहू शकतात. तांबी बसेपर्यंत ती चालू ठेव. बसल्या क्षणापासून तांबी काम करते. मग पुटकुळ्या थोड्या परत येतील, त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे वेगळं औषध मिळेल. पीसीओडीमुळे तीन महिने पाळी आलीच नाही तर मात्र थांबू नकोस, दाखव. गर्भाशयाच्या आतलं अस्तर साठत राहणं चांगलं नाही.

तांबी बसवायला जाताना उपाशी जाऊ नकोस. दुखण्याची गोळी आधी घ्यायची का ते तिथल्या सिस्टरना विचार. पुढची पाळी झाली की तांबीचा दोरा तपासून घ्यायला परत जायचं, आणि त्यांनी दिलेलं कार्ड जपून ठेवायचं. इच्छा परत यायला दोन-तीन महिने दे, तोवर रोज स्वतःची परीक्षा घेत बसू नकोस. तरीही फरक पडला नाही तर कळव, मग थायरॉइडपासून सुरुवात करू.

तुझी,
मावशी