लोहगाव ते रत्नागिरी, आणि मधली जमीन

(वाचकांचे प्रश्न: घरचा संगणक)

ताई, निवृत्तीनंतर मुलाने संगणकावर एक्स-प्लेन १२ हे विमान उडवण्याचं सिम्युलेटर बसवून दिलं. सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन मी लोहगावहून रत्नागिरीला जातो. महाबळेश्वर मागे पडलं की खाली ओळखीचं काहीच दिसत नाही, घरंसुद्धा अमेरिकेतल्या कॉलनीसारखी. मुंबई विमानतळाची विकतची सीनरी (सिममध्ये दिसणारं त्या जागेचं दृश्य), डोंगरांची वेगळी मेश (जमिनीच्या उंच-सखलपणाची जाळी) आणि उपग्रह-फोटोंची फुकटातली ऑर्थो, असे तीन पर्याय पाहून ठेवलेत. खर्च एकाच गोष्टीवर करायचा आहे. कशावर करू?
– एक वाचक, चिंचवड

मुंबई आधी यादीतून खोडा. तुम्ही तिथे जातच नाही. विकतचा विमानतळ म्हणजे टर्मिनलच्या काचा, एरोब्रिज, टॅक्सीवेवरचे पिवळे पट्टे, उभी असलेली विमानं. एअरबस-बोइंगवाल्यांना ते हवं असतं. पस्तीस हजार फुटांवरून त्यांना ढग आणि धुरकट पट्टा यापलीकडे फारसं काही दिसत नाही, जमिनीशी त्यांची गाठ पडते ती दोन टोकांना. तुमचं गणित उलटं आहे. टोकांना तुम्ही पाच-दहा मिनिटं असता, बाकी सगळा वेळ मधल्या जमिनीवर नजर.

राहिले मेश आणि ऑर्थो. इथे एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. एक्स-प्लेनमध्ये एका जागी जमिनीचा पाया एकच दिसतो. ऑर्थो४एक्सपी हे फुकट साधन जी टाइल, म्हणजे जमिनीचा चौकोनी तुकडा, तयार करतं, तो नुसता फोटो नसतो. उंच-सखलपणाची जाळी, म्हणजे मेश, त्यातच असते आणि फोटो तिच्यावर पसरलेला असतो. ही टाइल सीनरीच्या यादीत वर ठेवली की खाली विकत आणलेली मेश असून नसल्यासारखी. म्हणजे दोन्ही घेतलंत तर एकाचे पैसे पाण्यात. तेव्हा ऑर्थो करा, पण तिच्या पोटातली मेश चांगली निघेल एवढं बघा. तुमच्या मार्गावर खरी मजा तिचीच आहे.

लोहगाव-रत्नागिरी सरळ रेघ नकाशावर ओढून पाहा, ती जवळजवळ महाबळेश्वरवरूनच जाते आणि पुढे चिपळूण गाठते. पठारावरून एकदम खाली. एक किलोमीटरहून जास्त उतार, आणि तोही कड्यांचा. मी नोकरीची बरीच वर्षं हवाई छायाचित्रांच्या जोड्या यंत्राखाली ठेवून समोच्चरेषा काढण्यात घालवली आहेत. घाटमाथ्याच्या नकाशा-पत्रकावर त्या रेषा इतक्या दाटीने यायच्या की काळा पट्टाच व्हायचा. सिम्युलेटरची जाळी नेमकी तिथेच मार खाते. जगभरच्या बऱ्याच मोफत उंचीच्या माहितीचं मूळ एकच आहे: फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने केलेली मोजणी. तिची जाडी जाळी साधारण ९० मीटरची, बारीक जाळी ३० मीटरची. ९० मीटरच्या जाळीत आर्थर सीटचा कडा नुसता उतार होतो. अरुंद दऱ्यांत रडारची सावली पडून मुळात काही जागा रिकाम्याच राहिल्या होत्या, त्या नंतर इतर नकाशांवरून भरल्या गेल्या. शिवाय रडारला जंगलात दिसतो तो झाडांचा वरचा थर, जमीन नाही.

ऑर्थो४एक्सपी आपणहून जी उंची उतरवून घेतं तिच्यावर थांबू नका. ३० मीटरची माहिती अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती फाइल ‘कस्टम डीईएम’च्या, म्हणजे आपल्याकडच्या उंचीच्या माहितीच्या, रकान्यात द्या. जवळच ‘कर्व्हेचर टॉलरन्स’ नावाचा आकडा आहे. तो थोडा खाली आणलात की जाळीतले त्रिकोण वाढतात आणि कडा कड्यासारखा उभा राहतो. घाटाच्या टाइलपुरतंच हे करा. रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, त्रिकोणांची खैरात करून उपयोग नाही. अपेक्षाही बेताची ठेवा. उंचीच्या जाळीत एका बिंदूला एकच उंची असते. त्यामुळे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, जो आत वळलेला आहे, तो कुठल्याही जाळीत आत वळत नाही, आणि राजगडाच्या नेढ्यातून, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकातून, पलीकडचं आभाळ दिसत नाही. ‘हुबेहूब सह्याद्री’ अशी जाहिरात दिसली तर एवढी दोन ठिकाणं आधी तपासा.

आता टाइली. एक टाइल म्हणजे एक अंश गुणिले एक अंश, आणि नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून. तुम्हाला +१८+०७३ आणि +१७+०७३ या दोन पुरतील असं वाटेल, पण पुरणार नाहीत. लोहगाव ७४ रेखांशाच्या जेमतेम आठ-नऊ किलोमीटर अलीकडे आहे. पूर्वेकडे उड्डाण केलंत की काही मिनिटांत फोटो संपून मूळ सीनरी सुरू होईल. रत्नागिरीचा विमानतळ तर १७ अक्षांशाच्या अगदी काठावर, दीडेक किलोमीटर उत्तरेला. दक्षिणेकडून उतरायला आलात तर धावपट्टीच्या तोंडाशीच ती सरळ रेघ दिसेल, आणि नेमकी उतरताना नजर तिकडे जाईल. म्हणून +१८+०७४ आणि +१६+०७३ सुद्धा घ्या.

फोटोची बारकाई ठरवणारी झूम लेव्हल १७ ठेवा. आपल्या अक्षांशावर एक ठिपका सुमारे १.१ मीटरचा पडतो आणि पूर्ण जमिनीची एक टाइल साधारण ६ जीबी होते. एक पायरी वर गेलात की जागा चौपट: १८ ला एका टाइलला २४ जीबीच्या आसपास. हा मोह फक्त विमानतळांच्या भोवती करा, तशी सोय त्या साधनातच आहे. चार टाइली मिळून २४ जीबीपर्यंत जातील, दोन टाइलींत समुद्र बराच आहे म्हणून थोड्या कमी. राखून ठेवलेले पैसे एका चांगल्या एसएसडीवर घाला. जुन्या फिरत्या डिस्कवर ऑर्थो ठेवली की विमान पुढे आणि जमीन मागून येते.

पावसाचंही सांगते, कारण कोकणात जाणारा माणूस ते विचारणारच. उपग्रहाला जमीन दिसायला आभाळ मोकळं लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते मिळत नाही. म्हणून कोकणाचे फोटो बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यातले: सडे करपलेले, डोंगरउतार तांबूस, नद्यांत वाळूचे पट्टे. तुम्ही सिममध्ये जुलै लावा, आभाळ भरून आणा, काचेवर पाऊस पडेल, पण खाली मे महिना. एक्स-प्लेन १२ ला ऋतू कळतात, फोटोला कळत नाहीत. त्यात एक पट्टी डिसेंबरची, शेजारची एप्रिलची, असं असलं की जमिनीची गोधडी होते. यावर उपाय एवढाच की टाइल बनवण्याआधी वाशिष्ठीचं खोरं दोन-तीन वेगवेगळ्या नकाशा-सेवांवर उघडून पाहायचं. प्रत्येकीचे फोटो वेगळ्या महिन्यांतले असतात, त्यातली जास्त हिरवी सेवा ऑर्थो४एक्सपीमध्ये निवडायची. श्रावण मात्र कुठेच मिळणार नाही. मला स्वतःला याचा इतका राग येतो की पावसाळी उड्डाणाला मी ऑर्थो बंद करून मूळ सीनरीवर जाते. ओळखीचं गाव दिसलं नाही तरी चालेल, पण आषाढात करपलेला सडा नको.

टाइलबरोबर ओव्हरलेही तयार करा. मूळ सीनरीतले रस्ते, झाडं आणि घरं फोटोवर उभी राहतात ती त्यामुळे. ते विसरलात तर दिवसा सपाट चित्र आणि रात्री नुसता काळोख, कारण फोटोला दिवे नसतात. अमेरिकी घरं खटकतात म्हणालात, तर सिमहेवनची एक्स-वर्ल्ड एशिया ही सीनरी उतरवून घ्या. फुकट आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावर जिथे इमारतींचे आराखडे काढलेले आहेत तिथे ती इमारती जागच्या जागी बसवते. पुण्यात फरक लगेच जाणवतो. खेड्यांत नाही, कारण तिथे नकाशावरच कुणी फारशी घरं काढलेली नाहीत.

कुणी ‘अख्ख्या महाराष्ट्राची ऑर्थो भरलेली हार्ड डिस्क’ विकायला आला तर घेऊ नका. फोटो नकाशा-कंपन्यांचे आहेत. आपल्यापुरती टाइल करणं वेगळं आणि त्यांचा धंदा करणं वेगळं.

माझ्याकडे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ आहे. सगळे सीनरी-सीनरी करतात. मीही काही घ्यायला हवं का?
– एक वाचक, नागपूर

जमिनीसाठी काही नको. वरचं उत्तर तुम्हाला लागूच नाही. तुमच्याकडे फोटो आणि उंची दोन्ही इंटरनेटवरून उडता उडता येतात. २०२० च्या आवृत्तीपासूनच ही पद्धत आहे आणि सर्व्हरवरचा साठा दोन पेटाबाइटच्या वर असल्याचं तेव्हाच सांगितलं गेलं होतं. तुमची अडचण सीनरीची नसून इंटरनेटच्या लाइनची असणार. संध्याकाळी घरातले सगळे व्हिडिओ बघत असतील तेव्हा खालचं शहर मेणासारखं वितळलेलं दिसतं का? दिसत असेल तर सेटिंगमध्ये रोलिंग कॅशला भरपूर जागा द्या आणि नेहमीच्या मार्गावरून एकदा निवांत वेळी उडून घ्या. तो भाग डिस्कवर साठून राहतो.

इमारती मात्र यंत्राने अंदाजाने उभ्या केलेल्या असतात. ऑगस्ट २०२० मध्ये मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत २१२ मजली सुळका उगवला होता. ओपनस्ट्रीटमॅपवर कुणीतरी मजल्यांच्या रकान्यात २ ऐवजी २१२ लिहिलं होतं, आणि यंत्राने ते निमूटपणे बांधून दिलं. नागपुरात असा चमत्कार दिसला तर सीनरी विकत घेण्याआधी नकाशा तपासा.

पैसे घालायचेच असतील तर तुमच्या नेहमीच्या एका विमानतळावर घाला. २०२० साठी केलेले बहुतेक विमानतळ २०२४ मध्ये चालतात, तरी घेण्यापूर्वी विक्रेत्याच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे ना, ते वाचा.

एक्स-प्लेनमध्ये तीन मोफत सीनरी टाकल्या आणि आता धावपट्टीवर झाडं उगवली आहेत. टर्मिनलही दोन दिसतात, एकात एक घुसलेली. सगळं काढून टाकू का?
– एक वाचक, डोंबिवली

काही काढू नका, क्रम चुकलाय. ‘कस्टम सीनरी’ फोल्डरमध्ये ‘सीनरी पॅक्स’ नावाची आयएनआय फाइल आहे, ती नोटपॅडमध्ये उघडा. वरची ओळ खालचीवर मात करते. सगळ्यात वर विमानतळ, त्याखाली ओव्हरले, मग ऑर्थो, तळाला मेश. नवीन काही टाकलं की सिम ते बहुधा वर नेऊन ठेवतं, म्हणून हा गोंधळ. एकाच विमानतळाच्या दोन सीनरी असतील तर नको त्या ओळीच्या पहिल्या शब्दाला ‘_डिसेबल्ड’ ही शेपटी लावा, अर्थात इंग्रजी मोठ्या अक्षरांत. फोल्डर पुसायची गरज नाही.

टर्मिनल हवेत तरंगत असेल किंवा अर्धं जमिनीत असेल तर ते क्रमाने सुटणार नाही. तो विमानतळ दुसऱ्या मेशसाठी बनवलेला आहे.

मुलगी नववीत आहे, तिला नवी मुंबई विमानतळावरून उडायचं आहे. आमच्याकडच्या एक्स-प्लेन ११ मध्ये तिथे नुसती टेकडी आणि खाडी दिसते. विकत मिळणारी सीनरी घ्यावी का?
– एक वाचक, पनवेल

तुमच्या सिममध्ये टेकडी दिसते याचं मला मुळीच नवल वाटत नाही. ती उलव्याची टेकडी आहे. विमानतळासाठी ती कापली, नदी वळवली, मग धावपट्टी आली. पण वर सांगितलेली उंचीची मोजणी फेब्रुवारी २००० ची, तेव्हा टेकडी जागेवर होती. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबरपासून. २०१७ साली आलेल्या एक्स-प्लेन ११ ला हे कुठून ठाऊक असणार! गोव्यातल्या मोपा विमानतळाचंही तेच, ते डिसेंबर २०२२ मधलं.

म्हणून इथे सीनरी निवडताना टर्मिनलच्या कमळाच्या पाकळ्या किती सुबक आहेत ते नंतर पाहा. आधी विचारा की यात टेकडी सपाट केली आहे का. नाहीतर धावपट्टी टेकडी चढून पलीकडे उतरेल. विकत घेण्याआधी एक्स-प्लेनच्या सीनरी गेटवेवर व्हीएएनएम या कोडने शोधा. लोकांनी स्वतः बनवून दिलेले विमानतळ तिथे फुकट असतात. फक्त कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते पाहून घ्या.

आणि मुलीला एवढा रस असेल तर तिला ‘वर्ल्डएडिटर’ उतरवून द्या. तेही फुकट. त्यात धावपट्टी, टॅक्सीवे आखता येतात, आणि विमानतळाच्या गुणधर्मांत जमीन कायम सपाट ठेवण्याची खूण आहे. ती केली की टेकडी जाते. पाकळ्यांचं छप्पर तिला लगेच जमणार नाही. त्याऐवजी साठ्यातली तयार इमारत ठेवू दे.

जॉयस्टिक घ्यावी की योक (विमानातल्यासारखं हातचाक), हे कऱ्हाड आणि मडगावच्या वाचकांनी विचारलंय. त्यावर पुढच्या अंकात.